विटांच्या आणि औद्योगिक भिंतींची लघुप्रतिकृती

विटांच्या आणि औद्योगिक भिंतींची लघुप्रतिकृती म्हणजे वीटकाम, दगडकाम, पत्र्याचे आच्छादन किंवा काँक्रीटची चौकट असलेल्या प्रत्यक्ष भिंतीचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले, मापाला व रूपाला शक्य तितके मूळाबरहुकूम असलेले त्रिमितीय प्रतिरूप होय. लघुरेल्वेचे देखावे, वास्तुशास्त्रातील प्रतिमाने, संग्रहालयांतील मांडण्या आणि चित्रपटांसाठी लागणारी लहान आकाराची दृश्ये यांत अशा भिंतींचा उपयोग होतो. खेळण्यातील घराच्या भिंतीवर विटांचा केवळ आभास पुरेसा असतो. लघुप्रतिकृतीत मात्र विटेचे माप, थरांची रचना, दर्जांची रुंदी, भिंतीची जाडी आणि हवामानाचे परिणाम यांचा मूळ इमारतीशी मेळ बसणे अपेक्षित असते.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे घाटपायथ्याचे तालुके या कलेच्या दृष्टीने अभ्यासयोग्य आहेत. एकोणिसाव्या शतकातील रेल्वेचे दगडकाम, विसाव्या शतकाच्या आरंभीची जलविद्युत केंद्रे, स्वातंत्र्योत्तर काळातील कारखाने आणि स्थानिक वीटभट्ट्या हे सर्व येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळते.

## प्रमाण आणि विटेचे माप

प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे प्रतिकृतीतील लांबी आणि मूळ लांबी यांचे गुणोत्तर. लघुरेल्वेत १:८७ हे प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते व ते जगात सर्वाधिक प्रचलित आहे. ब्रिटनमध्ये १:७६.२ म्हणजे 'ओओ' हे प्रमाण रूढ आहे. 'एन' प्रमाण सर्वसाधारणपणे १:१६० असते, ब्रिटनमध्ये ते १:१४८ घेतात. 'ओ' प्रमाण ब्रिटनमध्ये १:४३.५, युरोप खंडात १:४५ आणि अमेरिकेत १:४८ असे आहे. वास्तुशास्त्रात १:५०, १:१०० आणि १:२०० ही प्रमाणे वापरतात.

भारतातील पक्क्या विटेची मापे भारतीय मानक १०७७ मध्ये दिलेली आहेत. त्यानुसार मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटर असते. पारंपरिक पद्धतीची वीट सुमारे २३० × ११० × ७० मिलिमीटर असते आणि तिच्यावरूनच गवंडीकामात 'नऊ इंची' व 'साडेचार इंची' भिंत हे शब्द रूढ झाले. दर्जाची जाडी साधारण १० मिलिमीटर धरल्यास पारंपरिक विटेचा एक थर ८० मिलिमीटरचा, तर मॉड्युलर विटेचा थर १०० मिलिमीटरचा होतो. निरनिराळ्या प्रमाणांत ही मापे पुढीलप्रमाणे येतात (सर्व आकडे मिलिमीटरमध्ये):

| प्रमाण | पारंपरिक विटेची लांबी | पारंपरिक थर | मॉड्युलर विटेची लांबी | मॉड्युलर थर | दर्जा |
|---|---|---|---|---|---|
| १:१६० | १.४४ | ०.५० | १.१९ | ०.६३ | ०.०६ |
| १:८७ | २.६४ | ०.९२ | २.१८ | १.१५ | ०.११ |
| १:७६.२ | ३.०२ | १.०५ | २.४९ | १.३१ | ०.१३ |
| १:४३.५ | ५.२९ | १.८४ | ४.३७ | २.३० | ०.२३ |
| १:२२.५ | १०.२२ | ३.५६ | ८.४४ | ४.४४ | ०.४४ |

या तक्त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लहान प्रमाणात दर्जाची रुंदी केसाइतकी किंवा त्याहूनही कमी होते. म्हणून १:१६० प्रमाणात दर्जा कोरण्यापेक्षा रंगाने सुचविणे अधिक योग्य ठरते. दुसरी, परदेशी बनावटीचे विटांचे तयार पत्रे भारतीय इमारतीला सरसकट लागू पडत नाहीत. जर्मन प्रमाणित वीट २४० × ११५ × ७१ मिलिमीटर असल्याने १:८७ मधील जर्मन पत्रा भारतीय पारंपरिक विटेच्या बराच जवळ जातो. ब्रिटिश विटेचे आजचे प्रमाणित माप २१५ × १०२.५ × ६५ मिलिमीटर आहे, १:७६.२ प्रमाणातील ब्रिटिश पत्र्यावर तिची लांबी २.८२ मिलिमीटर येते, म्हणजे १:८७ मधील भारतीय पारंपरिक विटेपेक्षा ती सुमारे ७ टक्के मोठी दिसते. मॉड्युलर विटेने बांधलेल्या इमारतीसाठी यांपैकी कोणताही पत्रा चालत नाही, कारण तिचा थर उंच आणि वीट आखूड असते.

## वीटकामाची रचना

भिंत ओळखू येते ती विटांच्या रंगापेक्षा त्यांच्या मांडणीवरून. विटेची लांब बाजू दर्शनी असेल तर तिला स्ट्रेचर आणि आखूड बाजू दर्शनी असेल तर हेडर म्हणतात. नित्याच्या रचना अशा:

* स्ट्रेचर बाँड – प्रत्येक थरात लांब बाजूच दिसते व वरच्या थराचा उभा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर येतो. अर्ध्या विटेच्या जाडीच्या भिंतीत ही रचना असते.
* इंग्लिश बाँड – एक थर स्ट्रेचरचा व एक थर हेडरचा. एक वीट किंवा त्याहून जाड भारवाही भिंतीत ही रचना आढळते.
* फ्लेमिश बाँड – एकाच थरात हेडर व स्ट्रेचर आलटून पालटून येतात.
* रॅट-ट्रॅप बाँड – विटा उभ्या कडेवर ठेवून आत पोकळी राखली जाते. भारतात कमी खर्चाच्या बांधकामात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली.

इंग्लिश बाँडमध्ये कोपऱ्यातील पहिल्या हेडरनंतर लांबीच्या दिशेने चिरलेली अरुंद वीट बसवितात. तिला क्वीन क्लोजर म्हणतात. तिच्यामुळेच खालच्या-वरच्या थरांतील उभे सांधे एकावर एक येत नाहीत. प्रतिकृतीत ही अरुंद वीट वगळल्यास संपूर्ण भिंतीची मांडणी सरकते आणि भिंत ओळखीची असूनही चुकीची वाटते.

कामाचा आवाका समजण्यासाठी १२ मीटर लांब व ५ मीटर उंच अशी इंग्लिश बाँडची सलग भिंत उदाहरणादाखल घेता येईल. ८० मिलिमीटरच्या थराने तिच्यात सुमारे ६२ थर येतात आणि दर्शनी विटांची संख्या ४,६०० ते ४,७०० च्या दरम्यान जाते. १:८७ प्रमाणात ही भिंत केवळ १३८ × ५७.५ मिलिमीटरची होते. एवढ्या लहान पृष्ठभागावर प्रत्येक वीट हाताने कोरणे हे चिकाटीचे काम असल्याने या क्षेत्रात निरनिराळ्या पद्धती विकसित झाल्या.

## इतिहास

इमारतींच्या लहान प्रतिकृती करण्याची प्रथा प्राचीन असली, तरी मापशुद्ध लघुभिंतींचे तंत्र प्रामुख्याने विसाव्या शतकात लघुरेल्वेच्या छंदाबरोबर वाढले. ब्रिटनमध्ये जॉन अहर्न यांनी आपल्या 'मॅडर व्हॅली' या लघुरेल्वेसाठी इमारतींची तपशीलवार मालिका तयार केली आणि लघुइमारत बांधणीवर पुस्तकही लिहिले. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गृहस्थांनी इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जुनी घरे नाहीशी होताना पाहून त्यांची १:७६ प्रमाणात नोंद ठेवण्याचा संकल्प केला. त्यातून ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटेनहॅम येथे पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथील घरांच्या भिंती मुख्यतः पुठ्ठ्याच्या असून प्रत्येक घर प्रत्यक्ष इमारतीच्या मोजमापावरून केलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत फॅलर व इतर उत्पादकांनी प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून इमारत करण्याचे संच बाजारात आणले. त्यामुळे विटांचा ठसा असलेली तयार भिंत सर्वसामान्य छंदिष्टाच्या हाती आली. हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेले 'मिनिआटुर वुंडरलँड' हे प्रदर्शन स्पाइशरश्टाट या विटांच्या जुन्या गोदामांच्या वसाहतीतच आहे.

महाराष्ट्रात पुण्यातील कोथरूड भागात बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथील चालत्या लघुनगरामुळे हा छंद मराठी प्रेक्षकांना परिचित झाला. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत पुठ्ठा, सनबोर्ड व लाकडाची प्रतिमाने करण्याचे शिक्षण दिले जाते. दिवाळीत मुले माती, दगड आणि गोणपाट वापरून करतात ते किल्ले हे मापशुद्ध प्रतिकृतीत मोडत नाहीत. तथापि तट, बुरूज व दरवाजा यांचे निरीक्षण करून ते लहान आकारात उभे करण्याचा संस्कार त्यातून घडतो.

## साहित्य आणि पद्धती

छापील कागद. विटांचे चित्र छापलेला कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटविणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. यात खोली नसते. लहान प्रमाणात आणि दूरच्या इमारतींसाठी ती पुरेशी ठरते. कोपऱ्यावर कागद कापून न जोडता वळवून नेल्यास विटांची मांडणी तुटत नाही.

ठसा असलेला प्लॅस्टिकचा पत्रा. पॉलिस्टायरीनच्या पातळ पत्र्यावर विटांचा उठाव असतो. पत्रा लवचीक असल्याने त्यामागे १ ते २ मिलिमीटर जाडीचा दुसरा पत्रा चिकटवून भिंतीची जाडी साधतात. कोपऱ्यात दोन्ही पत्र्यांच्या कडा ४५ अंशांत घासून जोडतात आणि सांध्यावरील दर्जा पुन्हा कोरतात.

कोरीव काम. प्लास्टर ऑफ पॅरिस, हवेत वाळणारी माती, पुठ्ठा किंवा घट्ट एक्सपीएस फोम यांवर पट्टी धरून आधी सर्व आडव्या रेषा व नंतर उभे सांधे कोरतात. नेहमीचा थर्मोकोल दाणेदार असल्यामुळे त्यावर रेघ स्वच्छ उमटत नाही. प्लास्टर पूर्ण वाळण्यापूर्वी, किंचित ओलसर असताना कोरल्यास कडा तुटत नाहीत. दगडी भिंतीसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे, कारण दगडांचे आकार असमान असतात आणि ते हातानेच चांगले साधतात.

सुट्या विटा. १:२२.५ किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात माती, लाकूड, बुचाचा पत्रा किंवा पुठ्ठ्याच्या सुट्या विटा कापून खऱ्या गवंडीकामाप्रमाणे रचता येतात. पडझड झालेल्या भिंतीची तुटकी कड दाखविण्यासाठी लहान प्रमाणातही थोड्या भागापुरती ही पद्धत वापरतात.

लेझर कटिंग आणि त्रिमितीय छपाई. संगणकावर काढलेल्या आराखड्यावरून एमडीएफ, पुठ्ठा किंवा ॲक्रिलिकवर लेझरने दर्जा कोरता येतात. लेझरच्या रेघेला स्वतःची रुंदी असते. ती १:८७ मधील दर्जाच्या ०.११ मिलिमीटर रुंदीएवढी किंवा तिच्याहून अधिक भरत असल्याने दर्जा एकाच फेरीत कोरावी लागते. रेझिनच्या त्रिमितीय छपाईत कमानी, कॉर्निस आणि जाळ्या यांसारखे गुंतागुंतीचे भाग नेमके येतात. या पद्धतींचा खरा लाभ असा की, विटेचे माप आराखड्यातच बदलता येते आणि भारतीय विटेसाठी परदेशी पत्र्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

## खिडक्या, कमानी आणि भिंतीची जाडी

प्रतिकृतीत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे कागदासारखी पातळ भिंत. नऊ इंची भिंत १:८७ प्रमाणात २.६ मिलिमीटर जाड असते. खिडकीची चौकट भिंतीच्या मध्यावर बसविलेली असेल तर ती दर्शनी पृष्ठभागापासून सव्वा मिलिमीटरहून अधिक आत दिसली पाहिजे. चौकट दर्शनी बाजूला टेकवून बसविल्यास खिडकीची सावली पडत नाही आणि इमारत सपाट वाटते.

खिडकीची रुंदी आणि उंची शक्यतो विटांच्या पटीत घेतात. खिडकीच्या वरच्या बाजूस भार पेलणारे काहीतरी असणे आवश्यक असते: कमान, दगडी तुळई, लोखंडी तुळई किंवा काँक्रीटची लिंटेल. विटांचे आडवे थर खिडकीवरून सरळ नेले तर प्रत्यक्षात ती भिंत उभीच राहिली नसती. अशा तपशिलांमुळे प्रतिकृती करणाऱ्यास बांधकामशास्त्राची प्राथमिक माहिती असणे उपयोगी पडते.

## औद्योगिक भिंती

कारखान्याची भिंत घराच्या भिंतीहून वेगळी असते. तिचे मुख्य प्रकार असे सांगता येतील.

भारवाही वीटकाम. जुन्या गिरण्या व कार्यशाळांत छताचा भार विटांच्या जाड भिंतींवर असे. भिंतीला ठरावीक अंतरावर बाहेर आलेले खांब असत आणि छताच्या कैच्या त्यांवर टेकत. प्रतिकृतीत हे खांब केवळ शोभेसाठी नसून त्यांच्या जागा छताच्या कैच्यांशी जुळल्या पाहिजेत.

चौकट आणि भराव. पोलादी किंवा काँक्रीटच्या चौकटीत विटांचा भराव असतो. येथे वीटकाम भार पेलत नाही. म्हणून खांब व तुळया स्पष्ट दिसतात आणि त्यांच्या सांध्यावर गिलाव्याला तडे गेलेले आढळतात.

अर्धी भिंत आणि पत्रा. औद्योगिक वसाहतींतील शेडमध्ये खालचा भाग विटांचा किंवा ब्लॉकचा व वरचा भाग पत्र्याचा असतो. लोखंडी नालीदार पत्र्याच्या दोन उंचवट्यांतील अंतर साधारण ७५ मिलिमीटर असते. १:८७ मध्ये ते ०.८६ मिलिमीटर येते. सिमेंटच्या पत्र्यात हेच अंतर १४६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १.६८ मिलिमीटर असते. दोन्ही पत्रे एकाच मापाचे दाखविले तर छत ओळखू येत नाही. पत्रे सलग नसतात. एकमेकांवर चढविलेल्या कडा आणि बोल्टच्या ओळी दाखविणे आवश्यक असते.

आधुनिक ब्लॉक. राखेच्या करड्या विटा आणि ६०० × २०० मिलिमीटर दर्शनी मापाचे एएसी ब्लॉक अलीकडच्या बांधकामांत दिसतात. असा ब्लॉक १:८७ मध्ये ६.९ × २.३ मिलिमीटरचा होतो. चालू काळातील देखाव्यात लाल विटांची भिंत सर्वत्र दाखविणे यामुळे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

करवतीच्या दात्यांसारख्या छताच्या इमारतीत काचेची उभी बाजू उत्तर गोलार्धात सामान्यतः उत्तरेकडे असते, जेणेकरून थेट ऊन आत न येता समान प्रकाश मिळावा. देखाव्याची दिशा ठरविताना हे ध्यानात घेतात.

## रंगकाम आणि जीर्णता

विटांच्या भिंतीचा रंग एकसारखा नसतो. प्रथम सर्व पृष्ठभागावर विटेच्या मध्यम छटेचा थर देतात. तो वाळल्यावर पातळ केलेला फिकट करडा किंवा मातकट रंग दर्जांत सोडून विटांवरचा पुसून काढतात. त्यानंतर काही विटा फिकट नारिंगी, काही गर्द तपकिरी आणि मोजक्या काळपट रंगवितात. कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग फिरविल्यास कडा उठून दिसतात. लांबून पाहिलेल्या वस्तूचा रंग फिका भासतो. प्रतिकृती ही लांबून पाहिलेल्या इमारतीसारखी असल्यामुळे मूळ रंगात थोडा पांढरा किंवा करडा मिसळून तीव्रता कमी करतात. गेरू, कोळशाची पूड आणि खडूची भुकटी ही स्वस्त व सहज मिळणारी द्रव्ये जीर्णतेसाठी उपयोगी पडतात.

जीर्णतेच्या प्रत्येक खुणेमागे कारण असते. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन टोकांखाली पावसाचे काळे ओघळ दिसतात. फुटलेल्या पन्हळाखाली हिरवट पट्टा उतरतो. जोत्याजवळ ओल चढून विटांवर पांढरा लोणा येतो. पत्र्याच्या बोल्टखाली तांबेऱ्याचे ओघळ असतात. धुरांड्याच्या जवळ काजळी जमते. कारण नसलेल्या ठिकाणी दाखविलेले डाग सजावटीसारखे दिसतात आणि प्रतिकृतीची विश्वसनीयता कमी करतात.

## कर्जत आणि खालापूर परिसर

### बांधकाम साहित्य

या परिसरातील मूळ खडक काळा बेसॉल्ट असून जुन्या भिंती, जोती आणि पुलांत तो वापरलेला दिसतो. माथेरानच्या पठारावर जांभा आढळतो. आदिवासी वाड्यांवर कारवीच्या काड्यांचा कूड करून त्यावर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंतींची परंपरा आहे. पक्की वीट पावसाळा संपल्यावर लागणाऱ्या हंगामी भट्ट्यांतून येते. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील भट्ट्यांवर कातकरी समाजातील अनेक कुटुंबे हंगामात स्थलांतर करून काम करतात.

हाताने साच्यात पाडलेल्या आणि रचून भाजलेल्या विटांना सर्वत्र सारखी आच लागत नाही. भट्टीच्या कडेच्या विटा कच्च्या व फिकट राहतात, तर आचेजवळच्या गर्द किंवा काळपट होतात. कडा क्वचितच धारदार असतात. यंत्राने केलेल्या युरोपीय विटेचा एकसारखा लाल रंग आणि काटेकोर कड या भिंतींना लागू पडत नाही. शिवाय परिसरातील बहुसंख्य इमारतींवर गिलावा असतो. वीट दिसते ती गिलावा सुटलेल्या जागी, मागच्या बाजूला किंवा अपुऱ्या बांधकामात. त्यामुळे या भागाचा देखावा करताना गिलाव्याची भिंत करून ठरावीक ठिकाणीच वीट उघडी दाखविणे वास्तवाला अधिक धरून होते.

### रेल्वे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. घाटातील पूल व संरक्षक भिंती दगडकामाच्या होत्या. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना चढासाठी कर्जत येथे जादा इंजिने जोडण्याची प्रथा असल्यामुळे हे स्थानक लघुरेल्वेप्रेमींना विशेष आकर्षित करते. कर्जत तालुक्यातील नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिचे रूळ ६१० मिलिमीटर अंतराचे आहेत.

भारतीय रुंदमापी रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर येते. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. तयार रूळ वापरणाऱ्यास फलाट आणि भिंतीचे अंतर रुळापासून न मोजता डब्याच्या कडेपासून मोजावे लागते, अन्यथा फलाट चुकीच्या जागी येतो.

### जलविद्युत केंद्रे आणि कारखाने

टाटा समूहाचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी ५०० मीटरहून अधिक उंचीवरून जलवाहिन्यांतून खाली आणून तेथे वीज तयार केली जाते. कर्जत तालुक्यातील भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये कार्यान्वित झाले. या दोन्ही केंद्रांनी मुंबईच्या औद्योगिक वाढीला वीज पुरविली. जलविद्युत केंद्राच्या प्रतिकृतीत मुख्य दालनाची उंची यंत्रे उचलणाऱ्या क्रेनवरून ठरते आणि उंच खिडक्यांची ओळ, खांब व क्रेनची तुळई यांचा परस्परसंबंध राखावा लागतो. डोंगरउतारावरील जलवाहिन्या व त्यांना आधार देणारे ठोकळे इमारतीइतकेच महत्त्वाचे असतात, कारण त्यांच्याविना केंद्राचे प्रयोजन कळत नाही.

खोपोली शहर आणि रसायनी–पाताळगंगा पट्टा येथील कारखान्यांमुळे खालापूर तालुका औद्योगिक म्हणून ओळखला जातो. चौकट व भराव आणि अर्धी भिंत व पत्रा हे वर सांगितलेले प्रकार अशा पट्ट्यात एकमेकांशेजारी अभ्यासता येतात. चौक–कर्जत मार्गालगत कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. चित्रपटाच्या नेपथ्यातील भिंत पूर्ण आकाराची असली, तरी हलक्या सांगाड्यावर भारदस्त भिंतीचा आभास निर्माण करणे, ठसा घेणे आणि रंगाने वय दाखविणे ही तत्त्वे लघुप्रतिकृतीशी समान आहेत.

### हवामानाचा परिणाम

जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसामुळे येथील भिंतींचे रूप ऋतूनुसार बदलते. पश्चिमेकडून झड लागणाऱ्या बाजूला शेवाळ दाट धरते, गिलावा लवकर फुगतो आणि रंग उडतो. भेगांत व छपराच्या कडेला रोपे उगवतात. उन्हाळ्यात तेच शेवाळ वाळून काळ्या थरासारखे दिसते. म्हणून प्रतिकृती कोणत्या महिन्यातील आहे हे आधी ठरविणे आवश्यक असते. हिरवे शेवाळ आणि वैशाखातील पिवळे गवत एकत्र दाखविणे विसंगत ठरते.

## प्रत्यक्ष इमारतीची नोंद

जुन्या इमारतीचा आराखडा उपलब्ध नसल्यास विटांचे थर मोजून उंची काढता येते. हाताशी असलेल्या दहा थरांची उंची पट्टीने मोजतात. ती ८०० मिलिमीटर आली आणि छायाचित्रात जोत्यापासून छताच्या कडेपर्यंत ६० थर दिसले, तर भिंतीची उंची ४.८ मीटर ठरते. १:८७ मध्ये ती ५५ मिलिमीटर होईल. लांबीसाठी एका थरातील विटा मोजतात. दगडी किंवा गिलावा केलेल्या भिंतीत ही सोय नसल्याने एक मीटरची खुणा केलेली काठी भिंतीला टेकवून समोरून छायाचित्र घेतात. कॅमेरा वर किंवा खाली झुकविल्यास उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात व माप चुकते.

वीज केंद्रे, रेल्वेच्या कार्यशाळा आणि रासायनिक कारखाने येथे प्रवेश व छायाचित्रण यांवर निर्बंध असतात. अशा ठिकाणी संबंधितांची पूर्वपरवानगी घेणे आवश्यक आहे.

## महत्त्व आणि मर्यादा

औद्योगिक इमारतींना किल्ले व मंदिरांप्रमाणे वारशाचा दर्जा सहसा मिळत नाही. यंत्र कालबाह्य झाले की शेड पाडली जाते. मुंबईच्या गिरणगावात अनेक गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मुंबई–पुणे मार्गावरील कर्जत–खालापूर पट्ट्यातही शहरीकरणामुळे जुनी बांधकामे बदलत आहेत. मोजमाप घेऊन केलेली प्रतिकृती अशा इमारतीची त्रिमितीय नोंद ठरते. छायाचित्रात न दिसणारी मागची बाजू, भिंतीची जाडी आणि आसपासच्या इमारतींशी असलेले नाते तिच्यातून समजते.

तथापि ही नोंद विश्वसनीय राहण्यासाठी मोजलेला भाग व अंदाजाने पूर्ण केलेला भाग वेगळा नोंदविला पाहिजे. परदेशी संचातील गोदामाला मराठी पाटी लावून तयार केलेला देखावा छंद म्हणून आनंददायी असतो, परंतु पुढील पिढीने त्यालाच पुरावा मानल्यास स्थानिक बांधकामाविषयी चुकीची समजूत रुजू शकते. जीर्णतेचे आकर्षण ही आणखी एक मर्यादा आहे. वापरात असलेला कारखाना स्वच्छ व रंगविलेलाही असतो. प्रत्येक औद्योगिक इमारत भग्न दाखविल्याने तेथे काम करणारी माणसे, पाळ्या, सायकलींची रांग आणि चहाची टपरी ही जिवंत बाजू नाहीशी होते. भिंत घडविणारे भट्टीकामगार व गवंडी यांचा उल्लेखही प्रतिकृतीसोबतच्या माहितीफलकावर क्वचितच आढळतो.

## सुरक्षितता

* कोरण्याची पाती बोटांच्या विरुद्ध दिशेने आणि पोलादी पट्टी धरून चालवावी लागतात.
* प्लास्टर, एमडीएफ किंवा रेझिन घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी वापरतात.
* प्लॅस्टिक जोडणारे द्रावक आणि फवारणीचे रंग खेळत्या हवेत वापरतात. काही फवारणी रंगांमुळे फोम विरघळतो. त्यामुळे आधी तुकड्यावर चाचणी घेतात.
* न वाळलेले रेझिन त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे आवश्यक असतात.
* जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. नमुन्यासाठी असे पत्रे तोडणे किंवा घासणे धोक्याचे आहे. त्यांचे माप लांबूनच घेतात.